मुक्या जिवांचें ऋण

मागील उन्हाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस आम्ही गेलों असतां तेथील एका विधवा बाईनें आम्हांस एक प्रश्न विचारिला. प्रश्न लहान होता. परंतु त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं, आणि तेव्हांपासून तो आमच्या मनांत घोळत राहिला आहे. ह्या बाईचा एकुलता एक मुलगा आंबे उतरवितांना झाडावरून पडला व त्याच्या पाठीचा कणा मोडला. जीव वांचला, परंतु कमरेखालचें अंग निर्जीव झालें आणि लघवीवरचा ताबा गेला. शहरांतील इस्पितळांत त्यास नळी घालून लघवी काढण्याची रीत शिकविण्यांत आली, व मूत्राशय भलत्या वेळीं आवळूं नये म्हणून एक औषध चालू करण्यांत आलें. तेथील एका तरुण डॉक्टरानें मोठ्या ममतेनें त्या बाईस सांगितलें कीं, मूत्राशयाचें काम कसें चालतें हें विद्वानांस मांजरें, कुत्रीं व उंदीर यांच्यावर प्रयोग करून कळलें, आणि तसल्याच प्रयोगांतून पारखून निघालेलें हें औषध आहे. डॉक्टराचा हेतु धीर देण्याचा होता. परंतु बाईच्या मनास उलट कांटाच बोंचला. ती आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या लेकराच्या औषधांत मुक्या जिवांचे हाल आहेत. तें मी त्याला रोज देतें. हें पाप तर नाहीं ना?"

तेथें बसलेल्या दोघांनीं लागलींच उत्तरें दिलीं. गांवचे उपदेशक म्हणाले, "देवानें मनुष्यास सर्व प्राण्यांवर सत्ता दिली आहे, तेव्हां ह्यांत पापाचा प्रश्नच येत नाहीं." कोपऱ्यांत बसलेले मंडळीचे एक वृद्ध वडील म्हणाले, "उंदरामांजरांची एवढी काळजी? आमच्या बापजाद्यांस लोकांनीं जनावरांहून हलकें लेखलें, तेव्हां असा प्रश्न कोणाला पडला नाहीं." बाई गप्प बसली. परंतु तिचें समाधान झालें नाहीं, व खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नाहीं. यास्तव ह्या प्रश्नाचा विचार आज वाचकांबरोबर करावा असें आम्हीं योजिलें आहे.

लघवीसारख्या विषयावर मंडळीच्या पत्रांत लिहिणें कांहीं वाचकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या देवानें शरीर घडविलें त्यास ह्या गोष्टींची लाज वाटली नाहीं. छावणीबाहेर शौचास कसें जावें व मागें माती कशी लोटावी, हेंहि त्यानें मोशेच्या हातून आपल्या लोकांस शिकविलें (अनुवाद २३:१२, १३). लाजेमुळें ज्या दुखण्याविषयीं कोणी बोलत नाहीं, त्या दुखण्याच्या माणसास कोणी भेटावयासहि जात नाहीं. म्हणून आम्ही उघड बोलतों.

प्रथम मूत्राशयाचें काम कसें चालतें तें पाहूं. मूत्रपिंडांत तयार झालेली लघवी दोन बारीक नलिकांतून हळूहळू मूत्राशयांत उतरते. मूत्राशय ही मांसाची एक लवचिक पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या पिशवींत सुमारें ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पिशवी भरत असतां तिची भिंत सैल राहिली पाहिजे आणि खालचें दार घट्ट मिटलेलें असलें पाहिजे. रिकामी होण्याच्या वेळीं भिंत आवळली पाहिजे आणि त्याच क्षणीं दार उघडलें पाहिजे. हें काम तीन प्रकारच्या मज्जातंतूंकडे सोंपविलेलें आहे. एका प्रकारचे तंतु भिंत सैल ठेवितात, दुसऱ्या प्रकारचे ती आवळतात, आणि तिसऱ्या प्रकारचे तंतु आपल्या इच्छेप्रमाणें दार मिटून धरितात. ह्या तिघांस एका तालांत चालविणारा हुकूम मेंदूच्या देठांतून सुटतो व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूवाटे खालीं येतो. लहान मूल दोन-तीन वर्षांचें होतां होतां ह्या हुकुमावर आपली इच्छा चालवावयास शिकतें. आपण दिवसांतून अनेक वेळां ही गोष्ट सहज करितों, आणि तिच्यासाठीं देवाचे आभार मानण्याचें आपणांपैकीं किती जणांस सुचतें?

पाठीचा कणा मोडून मज्जारज्जु तुटला म्हणजे हा हुकूम वाटेंतच अडतो. पहिल्या कांहीं आठवड्यांत मूत्राशय अगदीं लुळें पडतें व लघवी तुंबते. पुढें मज्जारज्जूचा खालचा भाग शाबूत असल्यास मूत्राशय आपल्याच तंत्रानें आवळूं लागतें. परंतु वरचा हुकूम नसल्यामुळें पुष्कळदां त्याच वेळीं दारहि आवळतें. विहिरीवरचा पंप चालू करावा आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, म्हणजे पाइपाची जी दशा होते तीच येथें होते. दाब उलटा मूत्रपिंडांवर जातो, त्यांत दोष शिरतो, आणि तीं हळूहळू निकामी होतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ज्या शिपायांचे कणे मोडले त्यांपैकीं बहुतेक थोड्याच काळांत मरण पावले. आणि त्यांचा काळ गोळी नव्हती, तर लघवीचा दोष व पाठीवरच्या जखमा ह्या होत्या. तेव्हां हा प्रश्न केवळ सोयीचा नसून जिवाचा आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां हें ज्ञान कसें मिळालें? लंडन येथील शस्त्रवैद्य बॅरिंग्टन यांनीं मांजरांच्या मेंदूच्या देठांत एका लहानशा जागीं दोन्ही बाजूंस इजा करून पाहिली, तेव्हां त्या मांजरांची लघवी करण्याची शक्ति नाहींशी झाली. हें त्यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलें. हुकूम जेथून सुटतो ती जागा अशा रीतीनें सांपडली, व आज ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. पुढें अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें विल्यम डी ग्रोट व त्यांचे सोबती यांनीं मांजरांवरच अनेक वर्षें काम करून दाखविलें कीं, मज्जारज्जु तुटल्यावर कांहीं आठवड्यांनीं मूत्राशयापासून मज्जारज्जूच्या तळापर्यंत एक नवी, आंखूड वाट चालू होते, आणि ह्या वाटेनें बातमी नेणारे बारीक तंतु निरोगी मांजरांत ह्या कामीं जवळजवळ मुके असतात. मिरचीला जो तिखटपणा येतो तो ज्या द्रव्यामुळें, तें द्रव्य दिलें असतां हे बारीक तंतु बधिर होतात, आणि मज्जारज्जु तुटलेल्या मांजराचें भलत्या वेळचें आवळणें थांबतें. ह्याच आधारावर लंडन येथें क्लेअर फाउलर व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांच्या मूत्राशयांत तें द्रव्य घालून पाहिलें व १९९२ सालीं त्याचा गुण प्रसिद्ध केला. त्याची आग फार होत असल्यामुळें तें मागें पडलें व पुढें दुसरीं औषधें आलीं. परंतु वाट दाखविली ती मांजरांनीं. सॅन फ्रान्सिस्को येथें टॅनागो व श्मिट यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून कमरेखालच्या मज्जातंतूंस विजेचा सौम्य चेव देण्याची रीत बसविली; तिचें यंत्र १९९७ सालीं अमेरिकेंतील सरकारनें रोग्यांसाठीं मान्य केलें. इंग्लंडांत ब्रिंडली यांनीं तसलेंच दुसरें यंत्र माणसांस बसविण्यापूर्वीं बबून जातीच्या माकडांत बसवून पाहिलें होतें.

हें झालें फळ. आतां मोलहि सांगितलें पाहिजे. कारण अर्धें सत्य सांगून बाईच्या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस शोभणार नाहीं. आजकाल हें काम बहुतेक उंदरांवर चालतें. उंदरास गुंगी आणून त्याच्या मूत्राशयांत बारीक नळी बसवितात, तींतून मिठाचें पाणी सावकाश सोडतात, आणि पिशवींतील दाब यंत्रावर नोंदतात. पुष्कळ प्रयोगांत आधीं त्याचा मज्जारज्जु कापावा लागतो. असा उंदीर आमच्या त्या तरुण भावाप्रमाणेंच आपल्या आपण लघवी करूं शकत नाहीं. म्हणून संशोधकास दिवसांतून दोन-तीन वेळां त्यास हातांत घेऊन त्याचें ओटीपोट हलकेंच दाबून तें रिकामें करावें लागतें. काम संपल्यावर बहुधा त्यास मारतात. त्या उंदरानें कांहीं अपराध केलेला नसतो, त्यास कोणी विचारलेलें नसतें, व त्याच्या जातीस ह्या ज्ञानाचा कांहीं लाभ नसतो.

असें आहे तर आमच्या उपदेशकबंधूंचें उत्तर पुरें पडतें काय? देवानें मनुष्यास प्राण्यांवर सत्ता दिली हें खरें (उत्पत्ति १:२८). परंतु शास्त्रांत सत्ता म्हणजे मोकळीक असें कोठेंहि नाहीं. ज्या मनुष्यास ही सत्ता मिळाली, त्यासच लागलींच बागेची मशागत व राखण करण्याचें काम मिळालें (उत्पत्ति २:१५). धार्मिक मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो असें शलमोनाच्या बोधांत आढळतें (नीतिसूत्रें १२:१०). मळणीच्या बैलास मुसकें घालूं नये अशी आज्ञा आहे (अनुवाद २५:४). बलामानें आपल्या गाढवीस तीनदां मारिलें, तेव्हां तिच्या वतीनें देवाच्या दूतानें त्यास जाब विचारिला (गणना २२). निनवे नगर वांचविण्याचें कारण सांगतांना देवानें अजाण माणसांबरोबर तेथील गुराढोरांचाहि हिशेब धरिला (योना ४:११). राजास राज्य सोंपविलें म्हणजे प्रजेचे जीव त्याच्या लहरीवर सोडिले असें होत नाहीं. उलट प्रत्येक जिवाचा जाब त्याजकडे मागितला जातो. तेव्हां सत्तेचें वचन हें ह्या प्रश्नाचें उत्तर नसून हा प्रश्न आपणांस कां पडावा त्याचें कारण आहे.

मग ह्याच्या उलट, असे प्रयोग सर्वथा निषिद्ध आहेत असें म्हणावें काय? तसें म्हणणारे पुष्कळ झाले, व त्यांत ख्रिस्ती लोक मागें नव्हते. प्राण्यांस छळापासून वांचविणारी पहिली मंडळी लंडन येथें १८२४ सालीं निघाली, ती आर्थर ब्रूम नांवाच्या एका पाळकाच्या पुढाकारानें. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणारे विल्बरफोर्स तींत सामील होते. गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांसाठीं पार्लमेंटांत झुंजणारे लॉर्ड शाफ्ट्सबरी हेच पुढें, जिवंत प्राणी कापून प्रयोग करण्याविरुद्ध १८७५ सालीं निघालेल्या संस्थेचे अध्यक्ष झाले. सी. एस. लुईस यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत असा मुद्दा मांडिला कीं, केवळ आपण वरचढ आहों एवढ्याच आधारावर खालच्यास वापरणें योग्य ठरविलें, तर तोच आधार उद्यां दुबळ्या माणसांविरुद्धहि वापरला जाईल. हीं माणसें हळवीं किंवा भाबडीं नव्हतीं. ज्यांनीं गुलामासाठीं व गिरणींतल्या पोरासाठीं आपलें आयुष्य वेंचिलें त्यांसच मुक्या प्राण्याचा कळवळा आला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तथापि दुसरी बाजू पाहिल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. प्राण्यावर प्रयोग करावयाचा नाहीं, तर पहिला प्रयोग कोणावर होतो? मूत्राशयाच्याच इतिहासांत ह्याचें एक भयंकर उदाहरण आहे. अडलेल्या बाळंतपणांत मूत्राशयास भोंक पडून बाईची लघवी रात्रंदिवस गळत राहते. असलें दुःख भोगणाऱ्या बाया आजहि गरीब देशांत आहेत. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतीं सिम्स नांवाच्या डॉक्टरानें १८४५ ते १८४९ ह्या वर्षांत ह्यावर शस्त्रक्रियेची रीत शोधिली. ती त्यानें गुलाम बायांवर, गुंगीचें औषध न देतां, पुनः पुनः प्रयोग करून शोधिली. अनार्का नांवाच्या एका मुलीवर सुमारें तीस वेळां शस्त्र चालविण्यांत आलें. तिची संमति कायद्यानें लागतच नव्हती, कारण ती मालकाच्या मालमत्तेंत मोडत होती. सिम्साचा पुतळा न्यूयॉर्क शहरांत उभारण्यांत आला होता. तो २०१८ सालीं तेथून हलविण्यांत आला. पुढें जर्मनींतील नाझी डॉक्टरांनीं कैद्यांवर केलेले अत्याचार उघडकीस आल्यावर न्युरेंबर्ग येथील न्यायालयानें १९४७ सालीं जे नियम घालून दिले, त्यांत माणसावरील प्रयोगापूर्वीं प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असावा असाहि एक नियम आहे. अर्थात् उंदीर बाजूस काढिला तर त्याच्या जागीं बहुधा श्रीमंत माणूस येत नाहीं. गरीब, कैदी, आणि ज्यास नाहीं म्हणतां येत नाहीं असा माणूस येतो.

येथें आम्हांस त्या कोपऱ्यांतल्या वृद्ध वडिलांचे शब्द आठवतात. त्यांच्या बोलण्यांतील कडवटपणा खोटा नव्हता. १९२७ सालीं महाड येथील चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांबरोबर लोक पाणी प्यावयास गेले, तेव्हां त्या तळ्यावर गुरांस मनाई नव्हती. मनाई होती ती माणसांस. ज्यांच्या घराण्यांत ही आठवण ताजी आहे त्यांस जनावरांच्या दयेचा उपदेश करणें म्हणजे जुन्या जखमेवर मीठ चोळणें असें वाटल्यास नवल नाहीं. जे गाईस पूजीत व माणसास दूर ठेवीत त्यांची दया आम्हांस नको, असें कोणी म्हणेल तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं.

परंतु, वडील, एक गोष्ट आम्ही नम्रपणें आपल्यापुढें ठेवितों. तळ्यावर ज्यांनीं आपणांस अडविलें त्यांनीं जनावरावर प्रेम केलें म्हणून अडविलें नाहीं. "हा खालचा आहे, ह्याच्या दुःखाचा हिशेब ठेवण्याचें कारण नाहीं," असें त्यांनीं मनांत म्हटलें, म्हणून अडविलें. अलाबामांतील डॉक्टरानेंहि हेंच म्हटलें. हें वाक्य एकदां तोंडांत बसलें म्हणजे तें कोठें थांबेल ह्याचा नेम नाहीं. आज उंदराविषयीं, उद्यां बैलाविषयीं, परवां मोलकरणीविषयीं. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि उंदीर तसा नाहीं, हें आम्ही पूर्णपणें मानतों. प्रभूनें आपल्या शिष्यांस पुष्कळ चिमण्यांहून अधिक मोलाचें ठरविलें (मत्तय १०:३१). पण हें सांगतांना चिमणीचें मोल शून्य आहे असें तो म्हणाला नाहीं. उलट तिच्यांतल्या एकीचाहि देवास विसर पडत नाहीं असें त्यानें सांगितलें (लूक १२:६). माणसाचें मोल अधिक आहे हें सिद्ध करण्यासाठीं दुसऱ्या जिवाचें मोल पुसून टाकावें लागत नाहीं. ज्यांचें दुःख कोणीं मोजिलें नाहीं, त्यांस दुसऱ्याचें दुःख मोजण्याचा अधिकार सर्वांहून अधिक आहे, आणि त्यांनीं तो सोडूं नये.

तर मग मनुष्याचें मोल अधिक म्हणून प्रयोगास परवानगी, आणि उंदराचें मोल शून्य नाहीं म्हणून त्या परवानगीस मर्यादा, असा मार्ग आम्हांस दिसतो. ह्या मर्यादा कोणत्या?

पहिली ही कीं, प्रयोगाची गरज खरी असावी. उंदराचें शरीर म्हणजे माणसाचें शरीर नव्हे. लघवी होतांना माणसाचें दार सैल पडून राहतें. उंदराचें दार त्या वेळीं भरभर उघडझांप करीत पिचकाऱ्या सोडतें. निरोगी माणसाचें मूत्राशय आवळण्यास जवळजवळ एकच रासायनिक निरोप कामीं येतो. पुष्कळ प्राण्यांत त्याबरोबर दुसराहि निरोप मोठें काम करितो. म्हणून उंदरास लागू पडलेलें औषध माणसास लागू पडेलच असें नाहीं. ज्या प्रयोगापासून माणसाविषयीं कांहींच कळण्याचा संभव नाहीं, तो केवळ नांवासाठीं किंवा पदवीसाठीं करणें हें पाप होय असें म्हणावयास आम्ही कचरत नाहीं.

दुसरी मर्यादा ही कीं, दुसरा मार्ग असेल तर तो आधीं धरावा. आमच्या त्या तरुण भावास ज्या रीतीनें सर्वांत मोठा आराम मिळाला, ती ठराविक वेळीं स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याची रीत अमेरिकेंतील डॉक्टर लॅपिडीस यांनीं १९७२ सालीं प्रचारांत आणिली. ती रोग्यांकडे नीट लक्ष दिल्यानें व धैर्यानें विचार केल्यानें सांपडली. त्यापूर्वीं १९४४ सालापासून इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें डॉक्टर गुटमन यांनीं मोडलेल्या कण्याचे रोगी मुख्यतः काटेकोर शुश्रूषेनें जगविले. मेंदूच्या देठांतील जी जागा बॅरिंग्टन यांनीं मांजरांत शोधिली, तीच जागा १९९७ सालीं हॉलंडांतील विद्वानांनीं जिवंत माणसांत, त्यांच्या संमतीनें व शस्त्र न लावतां, यंत्राच्या साह्यानें पाहिली. रसेल व बर्च ह्या दोन इंग्रज विद्वानांनीं १९५९ सालीं तीन नियम मांडिले: प्राण्याच्या जागीं दुसरें साधन वापरतां आलें तर वापरावें, प्राणी लागलेच तर कमींत कमी घ्यावे, आणि त्यांस कमींत कमी पीडा होईल अशी रीत धरावी. आपल्या देशांतहि १९६० च्या कायद्यांत, शक्य तेथें असे प्रयोग टाळावे, लहान प्राण्यानें भागत असेल तर मोठा घेऊं नये, आणि केवळ हात बसविण्यासाठीं प्रयोग करूं नयेत, अशा गोष्टी सांगितल्या आहेत. व १९९८ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक संस्थेंत जी समिति असावी लागते, तींत शास्त्रज्ञ नसलेला एक सभासदहि असावा लागतो. आमच्या मंडळींचीं मुलें आतां विज्ञान शिकूं लागलीं आहेत. त्यांच्यापैकीं कोणी अशा प्रयोगशाळेंत गेला तर हे नियम त्यानें सरकारच्या भीतीनें नव्हे, तर देवाच्या भयानें पाळावे.

तिसरी मर्यादा मनाची आहे, व तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेंत उंदीर मारण्यास "बळी देणें" ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरण्याची वहिवाट आहे. हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांस चांगला परिचयाचा आहे, आणि म्हणूनच तो येथें लावूं नये असें आम्हांस वाटतें. आमच्या वाडवडिलांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां जत्रेंतला बकरा व कोंबडा सोडिला. कारण पापें हरण करण्याची शक्ति पशूंच्या रक्तांत नाहीं असें त्यांस शिकविण्यांत आलें (इब्री १०:४). खरा बळी एकच झाला, आणि त्यानें आपला प्राण आपण होऊन दिला. उंदीर आपला प्राण देत नाहीं. तो आपण घेतों. घेतलेल्या वस्तूस दिलेली म्हणणें हें असत्य आहे, आणि त्या असत्यानें मन निर्ढावतें. घेतलेल्या वस्तूचें खरें नांव ऋण. ज्यास आपण ऋणी आहों असें वाटतें तो उधळपट्टी करीत नाहीं, धनकोस विसरत नाहीं, आणि फेडीची चिंता वाहतो.

आतां आम्ही त्या माउलीकडे वळतों. बाई, आपण आपल्या मुलास औषध देतां हें पाप नव्हे. शब्बाथ दिवशीं विहिरींत पडलेला बैल बाहेर काढण्यास प्रभूनें दोष मानिला नाहीं (लूक १४:५). मग पडलेल्या लेकराचे प्राण राखणें हें पाप कसें होईल? परंतु आपणांस जी टोंचणी लागली ती देवाकडची आहे, तिला खोटी म्हणूं नये. ती असूं द्यावी. जेवणापूर्वीं आपण आभार मानतों तसे औषधाच्या वेळींहि मानावे, आणि त्यांत त्या मुक्या जिवांचीहि आठवण करावी. सर्व सृष्टि कण्हत आहे व सुटकेची वाट पाहत आहे असें प्रेषित पौल लिहितो (रोमकरांस ८:१९-२२). त्या कण्हण्यांत आपल्या मुलाचें कण्हणें आहे, आणि पिंजऱ्यांतल्या उंदराचेंहि आहे. देव दोन्ही ऐकतो.

राहिली ऋण फेडण्याची गोष्ट. आणि ती बाईची एकटीची नसून आपणां सर्वांची आहे. आपल्यापैकीं कोणी प्रयोगशाळेंत काम करीत नाहीं. परंतु जनावरें आपल्या दारांत आहेत. भरल्या गाडीच्या बैलास पराणी टोंचणारा, म्हाताऱ्या गाईस उपाशी सोडून देणारा, कुत्र्यावर उकळतें पाणी फेंकणारा, असा मनुष्य मांजरांच्या हालांविषयीं हळहळेल तर ती हळहळ फुकट आहे. त्यानें आपल्या गोठ्यापासून आरंभ करावा.

आणि ह्याहूनहि जवळची एक गोष्ट आहे. त्या मुलाच्या घरीं आम्ही गेलों तेव्हां त्याची खाट मागच्या पडवींत होती. घरास वास येतो म्हणून शेजारी येईनासे झाले होते, आणि चार महिन्यांत मंडळींतील एकहि जवान मनुष्य त्याजपाशीं बसला नव्हता. दर चार ते सहा तासांनीं नळी घालावयाची असते. त्याचे हात चांगले असल्यामुळें तो हें काम स्वतः शिकला आहे. परंतु हात धुण्यास साबण, नळी धुण्यास स्वच्छ पाणी, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेण्यास वाहन, आणि बोलावयास कोणी तरी, एवढें त्यास पाहिजे होतें. तें त्यास मिळालें नव्हतें. विचार करा, बंधुभगिनींनो! ज्या ज्ञानासाठीं मांजरांनीं, कुत्र्यांनीं व उंदरांनीं आपले जीव गमाविले, तें ज्ञान समुद्र ओलांडून आपल्या गांवाच्या वेशीपर्यंत आलें, आणि तेथून त्या पडवीपर्यंतचीं वीस पावलें आपण तें नेलें नाहीं. असें झालें तर त्या जिवांचें मरण कोणीं व्यर्थ केलें? प्रयोग करणारानें, कीं आपण?

हा प्रश्न आम्हीं त्या रविवारीं उपासनेनंतर मंडळीपुढें ठेविला. उत्तर कोणीं दिलें नाहीं. परंतु कोपऱ्यांतले ते वृद्ध वडील काठी टेंकीत उठले, बाहेर गेले, आणि त्या पडवीच्या दिशेनें चालूं लागले. उपदेशकहि त्यांच्या मागें गेले. सायंकाळीं आम्ही गांव सोडिला तेव्हां मुलाची खाट पुढच्या ओसरीवर, रस्त्यावरून येणाराजाणारा दिसेल अशी मांडलेली होती, आणि ते दोघे तिच्या दोन बाजूंस बसले होते.

ज्या देवास चिमणीचा विसर पडत नाहीं तो आपणांस कोणाच्याहि दुःखाचा विसर पडूं न देवो. आमेन.